मदत हवी आहे : बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) जाड भागाची ताकद कशी वाढवावी?

कोल्हापूरजवळच्या आमच्या लहान फाउंड्रीत एफजी २६० प्रतीच्या (किमान २६० मेगापास्कल ताणशक्तीच्या करड्या) बिडाचे एक कास्टिंग ओततो. त्याची भिंत कुठे ८ मिमी, तर कुठे ४० मिमी आहे. जाड भाग सावकाश थंड होत असल्याने तेथे ग्राफाइटच्या पाकळ्यांभोवती फेराइट (लोखंडाचा मऊ घटक) राहते आणि कठीणपणा १७० बीएचएनवरच (ब्रिनेल कठीणपणा अंकावरच) अडतो. पर्लाइट (फेराइटपेक्षा कठीण आणि मजबूत घटक) वाढावे म्हणून ०.४ टक्के क्रोमियम घातले, तेव्हा पातळ कडेला कार्बाइड (लोखंड-कार्बनचे अतिशय कठीण संयुग) होऊन ती पांढरी पडली आणि ड्रिलची धार पहिल्याच भोकात गेली. आता क्रोमियम वगळून ०.६ टक्के तांबे आणि ०.०५ टक्के कथील घालावे, असे वाटते. मात्र कथील ०.१ टक्क्याच्या पुढे गेल्यास बीड ठिसूळ होते. भट्टीत परतीचा माल (ओतकामातून उरलेले, पुन्हा वितळवायचे बीड) सतत पडत असताना कथील साचू नये, यासाठी आपण काय करता?