पार्ट मागितला की मोबाइलचं कव्हर दाखवतात: बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे पार्ट कुठून घेता?

निपाणीकर:
बेळगावातल्या त्या पार्टवाल्या चेनच्या शाखेत हल्ली कोण जातं का ओ? पूर्वी नंबर सांगितला की ड्रॉवरातनं नग हातात पडायचा. आता त्या भिंतीवर कव्हरं आणि चार्जर लटकलेत, आणि काउंटरवरचा पोरगा म्हणतो, 'बोर्डच बदला की!' १००० एमएफडी (मायक्रोफॅरड) २५ व्होल्ट १०५ डिग्रीचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मागितला तर ८५ डिग्रीचा पुढं करतात. त्यातले काही मीटरवर ६४० दाखवतात. इन्व्हर्टरात लागणाऱ्या आयआरएफ ३२०५ मॉस्फेटच्या (स्विचसारखं काम करणारा ट्रान्झिस्टर) एका पाकिटात तीन तऱ्हेची छपाई. परत न्यावं तर 'विकलेला माल परत नाही'. तपासायचं कसं आणि आणायचं कुठून?

शहापूर वर्कशॉप:
८५ आणि १०५ एकच नव्हे. तापमान दर १० डिग्रीनं वाढलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे तेवढ्याच तासांचा ८५ वाला एसएमपीएसमध्ये (स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये) चौपट लवकर फुगणार. ±२० टक्के चालतं, म्हणून १००० ला ८०० पर्यंत ठीक. ६४० सरळ नाकारायचा. नुसती एमएफडी बघू नका, ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) हाही बघा. लो-ईएसआर म्हणून विकलेला १०००/२५ चा नग ०.१ ओहमच्या वर गेला तर एसएमपीएसला लावू नका. व्यास आणि उंचीही चिठ्ठीवर लिहून न्या, नाहीतर झाकण बसत नाही.

मॉस्फेटला तीन पाय: गेट, ड्रेन, सोर्स. तपासायला गेटला १२ व्होल्ट द्या, ड्रेन-सोर्समधनं करंट-लिमिट लावून १ अँपिअर सोडा आणि मीटरच्या पिना पायांच्या बुडाशी टेकवा. चालू असताना ३२०५ चा रेझिस्टन्स ८ मिलिओहमच्या आत असतो, म्हणजे ८ मिलिव्होल्टच्या आसपास दिसायला हवं. २०-३० दिसलं तर आत लहान चिप घातलेली. वेगवेगळ्या लॉटचे नग पॅरलल लावू नका. आणि उडालेल्या इन्व्हर्टरात नवे घालायच्या आधी प्रत्येक गेटचा रेझिस्टर आणि ड्रायव्हर (गेटला सिग्नल देणारं सर्किट) तपासा. तो गेलेला असेल तर अस्सल मॉस्फेटही चालू करताच उडतो. मग शिव्या दुकानदाराला.

खानापूर रोड:
दुकानदाराची बाजूही बघा. दोन रुपयांच्या रेझिस्टरसाठी शेकडो ड्रॉवर आणि नंबर ओळखणारा माणूस सांभाळणं परवडत नाही. पंख्याचा २.५ एमएफडी मात्र कधीही मिळतो, कारण तो खपतो. पण बोर्डावर 'परत नाही' लिहिलं म्हणून खराब माल खपवता येत नाही. बिलावर 'कपॅसिटर १० नग' नको. नंबर, व्होल्टेज, डिग्री सगळं लिहून घ्या. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. धंद्यासाठी घेतलेला माल ग्राहक कायद्यात बसत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्यानं दुकान चालवणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सूट आहे. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला ग्राहक आयोगाची फी नाही.

चिकोडी सर्व्हिस:
एकट्यानं मागवलं तर पार्टापेक्षा पार्सल महाग. चार-पाच दुकानांची यादी एकत्र करून पुण्याच्या तपकीर गल्लीला नाहीतर बेंगळुरूच्या एसपी रोडला पाठवा. ४७०/२५, १०००/२५, २२००/२५, १०/५० (एमएफडी/व्होल्ट) हे कपॅसिटर रोजचे. ते जास्त घ्या. मॉस्फेट एकाच लॉटचे मागा, आणि पूर्ण ऑर्डर द्यायच्या आधी पाच नमुने मागवून वरच्या पद्धतीनं मोजा. इलेक्ट्रोलिटिक वर्षभर पुरतील एवढेच ठेवा, पडून राहिले की लीकेज (आतनं झिरपणारा करंट) वाढतं.

निपाणीकर:
यादी मी करतो. ३२०५ कुणाला किती हवेत ते लिहा.