कादंबरी पुरी करायची तर नोकरी सोडावी का? माझं मत: सोडू नये

फौंड्रीवाला (उद्यमबाग)

गेल्या हिवाळ्यात आपल्याच भागातल्या एका ग्रामीण साहित्य संमेलनात परिसंवाद ऐकला. एक वक्ते म्हणाले की नोकरदाराच्या हातून कविता होईल, कथाही होईल, पण कादंबरी होणार नाही. तिला आख्खा माणूस द्यावा लागतो. मांडवात बऱ्याच माना डोलल्या. माझ्या ओळखीचा एक मुलगा कादंबरी अर्ध्यावर ठेवून बसलाय, त्यानं त्या दिवसापासून राजीनाम्याचा विषय काढलाय. घरी आई-वडील, बहिणीचं लग्न व्हायचंय. मला हे बघवत नाही, म्हणून लिहितोय.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. शिफ्ट फिरती. कादंबरीचा दुसरा खर्डा चालू आहे. आणि माझं ठाम म्हणणं आहे की नोकरी सोडू नये.

पैशाचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. माझं मोठं कारण वेगळं आहे. कादंबरीला माणसं लागतात, आणि माणसं कामावर भेटतात. मेल्टिंगला असलेला जुना कारागीर वितळलेल्या धातूच्या रसाच्या रंगावरून तापमान सांगतो, ते मोजायचा पायरोमीटर मागाहून लागतो. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लोहोल (हवेचं भोक) निघाला की मोल्डिंगवाला वाळूच्या ओलीला दोष देतो आणि वाळूवाला मोल्डिंगवर ढकलतो. रिजेक्शन कुणाच्या नावावर पडणार यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. फेटलिंगवर, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्यावर, आयुष्य काढलेला माणूस घरीसुद्धा ओरडूनच बोलतो, कारण त्याला ऐकू कमी येतं आणि हे त्यानं कुणाला सांगितलेलं नसतं. त्याच पत्र्याखाली येळ्ळूरचा मराठा, बैलहोंगलचा कन्नड बोलणारा आणि बिहारहून आलेला पोरगा एकत्र डबा खातात. हे जग मराठी कादंबरीत किती आलंय? राजीनामा देऊन खोलीत बसलेल्याला ते दिसणार कुठून?

राहिला वेळ. रोज २०० शब्द, वर्षातले ३०० दिवस धरा. ६०,००० शब्द होतात, म्हणजे छापील २०० पानांच्या आसपास. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात मी नवं लिहीत नाही, डोकं चालत नाही. तेव्हा फक्त मागचं वाचून पेन्सिलीनं खुणा करतो. पहिल्या शिफ्टला दुपारनंतर, दुसऱ्या शिफ्टला सकाळी. उठताना पुढच्या प्रसंगाच्या दोन ओळी टिपून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

आणि उदाहरणाला लांब कशाला जायचं? निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले. तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरं ही सगळी माणसं त्यांना त्या जगण्यातून मिळाली.

जांबोटी रोड

दादा, तळमळ पोचली. पण तुमच्या हिशेबाशी मी सहमत नाही, आणि अनुभवावरून सांगतोय.

मी सहकारी क्षेत्रात नोकरीला आहे. अनेक वर्षं तुमच्यासारखंच रोज थोडं-थोडं लिहिलं. पानं झाली, कादंबरी झाली नाही. रोजचे २०० शब्द म्हणजे रोज नव्याने कादंबरीतल्या त्या गावात शिरायचं, दिवे लावायचे आणि माणसं ओळखीची वाटू लागेपर्यंत निघायची वेळ. नवव्या प्रकरणात म्हातारी जे बोलते त्याचं बीज दुसऱ्या प्रकरणात हवं असतं. हे दिसायला सगळा ऐवज एकाच वेळी डोक्यात असावा लागतो, आणि तो तुकड्यातुकड्यांनी डोक्यात बसत नाही. शेवटी बिनपगारी रजा काढली. त्या रजेत नवं फारसं लिहिलं नाही, पण लिहिलेल्यातलं अर्ध्याहून जास्त काढलं, प्रकरणांचा क्रम फिरवला, आणि मग ती उभी राहिली. हे काम पहाटेच्या तासाभरात झालं नसतं.

दुसरं असं की आपण जे लिहून गेले त्यांचीच नावं घेतो. त्याच निपाणीत, त्याच वखारींत किती जणांच्या पोटात कादंबरी राहून गेली असेल? त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, म्हणून ती नव्हती असं होत नाही. बेळगावपासून जवळच कोवाडला रणजित देसाईंनी लिहिलं, त्यामागे शेतीवाडी होती, वाडा होता. निवांतपणा हा लेखनाचा कच्चा माल आहे. तो ज्याच्याकडे नाही त्याला "सवड काढ" म्हणून सांगणं मला कठोर वाटतं.

त्या मुलानं राजीनामा द्यावा असं मी म्हणत नाही. पण "नोकरी कादंबरीला पोषकच असते" हेही त्याला सांगू नका.

वखार गल्ली, निपाणी

महादेव मोऱ्यांचं नाव निघालं म्हणून लिहितोय. आमच्या गावाला त्यांचा अभिमान आहे आणि राहील. पण गिरणी आणि नोकरी एक नव्हे ओ. गिरणीवाला आपल्या दुकानाचा मालक. दळण टाकलं की मधला वेळ त्याचा, आणि गावातली माणसं डबे घेऊन त्याच्याच दारात येतात. तुमच्या फौंड्रीत सुपरवायझरला मधला वेळ कोण देतो?

माझी अडचण आणखी निराळी आहे. मला १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या काळावर कादंबरी लिहायची आहे. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर हायवे अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हा विशीत होते ते आज पासष्टीच्या पुढे आहेत, चाळिशीतले होते त्यांतले फार थोडे उरलेत. त्यांच्याकडे जाऊन बसावं लागतं. म्हातारा माणूस पहिल्या भेटीत बातमी सांगतो, तिसऱ्या भेटीत त्या रात्री घरात काय शिजलं होतं ते सांगतो, आणि कादंबरीला ते शिजलेलं हवं असतं. पहाटे पाचला कुणाच्या दारात जाऊन आठवणी विचारता येतात काय? वाचनालयात "तरुण भारत"च्या जुन्या फायली बघायच्या तर तेही दिवसाच. मी खाजगी कंपनीत सेल्सला आहे, चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज असं फिरणं, रविवार एवढाच माझा. त्या रविवारी ज्याच्याकडे जायचं तो एक तर पाहुण्यांत असतो, नाहीतर दवाखान्यात.

तेव्हा फौंड्रीवाले दादा, तुमची कादंबरी तुमच्या कामाच्या जागेवरची आहे म्हणून तुम्हाला नोकरी उपयोगी पडते. माझी कादंबरी माझ्या नोकरीच्या बाहेर आहे, आणि तिचे साक्षीदार थांबणार नाहीत.

शहापूरची शिक्षिका

सगळं वाचलं. तिघाही भावांना एक विचारते. सकाळी लिहिता, दुपारी लिहिता, रविवारी फिरता, तेव्हा घरात चूल कुणाकडे असते?

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. शाळा, वह्या तपासणं, पट टिकावा म्हणून एप्रिल-मेमध्ये घरोघर फिरणं, हे झालं नोकरीचं. त्याच्या आधी डबे आणि पाणी. आमच्याकडे रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी जी बाई घरात असेल तिनं सगळं सोडून भरायचं. सासूबाईंचं औषध-पथ्य. मी नोकरी सोडली तर मला लिहायला वेळ मिळेल असं वाटतं का तुम्हाला? उलट, "आता घरीच असतेस" म्हणून उरलेली सगळी कामं माझ्याकडे येतील. शाळेतला ऑफ तास हाच माझा खरा लिहायचा तास आहे, कारण तिथं मला कुणी हाक मारत नाही. मला नोकरीनं लिहायला जागा दिली. पण दादांनी सांगितलेल्या कारणानं नाही.

इंदिरा संतांनी याच बेळगावात नोकरी केली, १९४६ मध्ये पती गेल्यानंतर एकटीनं मुलं वाढवली आणि लिहीत राहिल्या. त्यांचं नाव घेऊन आम्हाला नेहमी सांगतात, "त्यांना जमलं, तुम्हाला का नाही?" मला हे ऐकवत नाही. त्यांनी सोसलं म्हणून पुढच्या प्रत्येकीनं तेवढंच सोसून मग लिहावं, असा नियम करायचा का?

फौंड्रीवाला (उद्यमबाग)

ताई, तुमचा प्रश्न मला थेट लागू आहे. आमच्याकडे दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात सकाळचे डबे आणि मुलाची शाळा माझ्याकडे असते, त्यानंतर लिहायला बसतो; बाकीच्या आठवड्यांत बायकोवर जास्त पडतं. हे आम्ही दोघांनी बसून ठरवलंय. असं ठरवल्याशिवाय कादंबरी हाती घेऊ नये, हे त्या मुलालाही सांगेन.

जांबोटीकर, रजेचं तुमचं बरोबर आहे, पण रजा ही नोकरी असणाऱ्यालाच मिळते ना? तुम्ही परत कामावर गेलात. म्हणजे तुमची कादंबरी नोकरीच्या आधारावरच उभी राहिली. मी याहून वेगळं काय म्हणतोय?

पुण्यात राहणारा बेळगावकर

पैशाचा विषय दादांनी झटकन सोडला. तो सोडू नये, कारण तरुण मुलं यातच फसतात.

समजा कादंबरी छापली. किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची, मानधन १० टक्के. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तरी लेखकाच्या हातात १५,००० रुपये. तेही प्रती संपायला किती वर्षं लागतील त्यावर. नव्या लेखकाला तर उलट खर्च मागणारे भेटतात. मला एका प्रकाशकानं "एवढ्या प्रती तुम्ही विकत घ्या, मग छापू" असं तोंडावर सांगितलं. माझा पगार चालू होता म्हणून मी नाही म्हणू शकलो आणि हस्तलिखित घेऊन परत आलो. पगार नसता तर त्या घाईत मी होकार दिला असता. नोकरीचा लेखकाला होणारा सगळ्यात मोठा उपयोग मी हाच मानतो: त्याला वाट पाहता येते.

आयटीत आहे. रात्री परदेशातल्या टीमशी कॉल असतात, लिहिणं शनिवार-रविवारीच. सावकाश होतंय. होऊ दे.

चिकोडी स्टँड

आणखी एक बाजू. मी सरकारी ऑफिसात आहे. दिवसभर फायली, टिपणं, बोलणं कन्नडमध्ये. संध्याकाळी मराठीत लिहायला बसलो की पहिला अर्धा तास वाक्यच सरळ येत नाही. ज्यांची नोकरी मराठीत चालते त्यांना हे कळणार नाही. लिहिण्याआधी मी मोठ्यानं मराठी वाचतो, मग गाडी रुळावर येते. म्हणजे दिवसाकाठी मिळणाऱ्या तासातला अर्धा त्यातच जातो.

फौंड्रीवाला (उद्यमबाग)

साहेब, जी. ए. कुलकर्णी आपल्याच भागातले. धारवाडच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि लिहिलं मराठीत. दिवसभर दुसऱ्या भाषेत राहणं आडवं येतं असं मला वाटत नाही. आपल्या माणसांच्या बोलण्यात कन्नड आहेच, ते कानावर पडत राहिलं तर संवाद खरे होतात.

जांबोटी रोड

पण जीएंनी कथा लिहिल्या, दादा. आणि कॉलेजच्या मास्तराला दिवाळीची सुट्टी असते, मेची सुट्टी असते. फौंड्रीच्या सुपरवायझरनं त्यांच्याशी बरोबरी धरू नये. चिकोडीचे साहेब सांगताहेत ती थकवा आलेल्या डोक्याची गोष्ट आहे.

आणि रजेबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून: रजा संपवून परत आलो तेव्हा माझी बढती मागे पडली होती. ती अजून मागेच आहे. माझी कादंबरी नोकरीनं उभी केली नाही; मी नोकरीतून ती काढून घेतली आणि तिची किंमत भरली. त्या मुलाला हे दोन्ही सांगा. परवडत असेल तर त्यानं मधली वाट धरावी, तीन-चार महिन्यांची, पहिला खर्डा पूर्ण हातात आल्यावर. आधी नाही.

शहापूरची शिक्षिका

जांबोटीकरांचं शेवटचं वाक्य मला पटलं. खर्डा हातात नसताना रजा घेतली तर ती पाहुण्यांत आणि लग्नांत जाते.

पण मूळ वक्त्यांच्या म्हणण्याकडे कुणी वळलंच नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, सांबरा, आपल्याकडे हिवाळाभर संमेलनं होतात. गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते, मांडव भरतो. सीमाभागात मराठी टिकवण्याचं हे काम लहान नाही, मला त्याचा फार आदर आहे. पण त्या मांडवात कविसंमेलनाला सत्र असतं, कथाकथनाला असतं. लिहीत असलेल्या कादंबरीचं एक प्रकरण वाचून त्यावर चार जाणत्यांनी बोलावं, असं सत्र मी तरी ऐकलेलं नाही. कवीला दरवर्षी टाळी मिळते, त्यावर तो पुढचं वर्ष काढतो. कादंबरीवाल्यानं चार-पाच वर्षं कुणाच्याही शब्दाशिवाय काढायची, आणि मग आपण म्हणायचं की नोकरीमुळे त्याची कादंबरी सुटली. माझी दोनदा सुटता सुटता राहिली, दोन्ही वेळा वेळ होता. वाचून सांगणारं कुणी नव्हतं.

वखार गल्ली, निपाणी

ताईंच्या म्हणण्याला जोडून: आमच्या भागातल्या एका संमेलनाच्या आयोजकांना मी मागे हेच सुचवलं होतं. "कादंबरी ऐकायला लोक बसत नाहीत" असं उत्तर आलं. मला ते पटलेलं नाही. कीर्तनाला तीन तास बसणारी माणसं एका प्रकरणाला बसतील.

पण माझा प्रश्न त्यानं सुटत नाही. परवाच्या रविवारी ज्यांच्याकडे जायचं होतं ते आजोबा आता बोलण्याच्या स्थितीत नाहीत, असा निरोप आलाय. पुढच्या महिन्यात मी आठ दिवसांची रजा टाकतोय, मिळाली तर पगारी, नाहीतर बिनपगारी. दादा, तुम्ही काहीही म्हणा.

फौंड्रीवाला (उद्यमबाग)

टाका. त्याला माझा विरोध नाही. रेकॉर्डिंग कराल तेव्हा मला पाठवा, शिफ्टप्रमाणे बसून मी ऐकून उतरवून देईन. तेवढं काम पहाटे होतं.

राजीनाम्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे.