मदत हवी आहे: प्रत्येक गिऱ्हाइकानंतर आतून साबणाने धुणे

पाऊलवाट
पुण्यात बुधवार पेठेत धंदा करणाऱ्या बायकांसाठी आरोग्याची बैठक घ्यायची आहे. गिऱ्हाईक गेलं की बऱ्याचजणी बोट घालून आतून साबणाने नाहीतर डेटॉलच्या पाण्याने धुतात. न धुतल्यास रोग होतो, पोट राहतं, अशी समजूत. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रारही त्याच करतात. गिऱ्हाइकाला निरोध सक्तीचा, मालकाबरोबर, म्हणजे कायमच्या जोडीदाराबरोबर, मात्र नाही. काय सांगावं, कसं सांगावं?

रानजाई
धुणं आणि पांढरं जाणं एकत्रच समजावा. योनीत दह्यातल्यासारख्या चांगल्या जंतूंची वस्ती असते. त्यांच्यामुळे आतला भाग आंबट राहतो, सामू (पीएच) साधारण ३.८ ते ४.५. साबणाने ते जंतू जातात, वास येणारं पांढरं सुरू होतं, आणि वास येतो म्हणून ती आणखी धुते! डेटॉल, तुरटी, लिंबू यांनी आतलं अस्तर सोलवटतं, एचआयव्हीला वाट मिळते. पोट राहणंही टळत नाही. शुक्रजंतू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या तोंडात शिरतात.

नुसतं 'धुऊ नका' म्हटलंत तर कुणी ऐकणार नाही. 'बाहेरून साध्या पाण्याने, पुढून मागे. आत बोट नको' असं सांगा.

कोरडं पडतं म्हणून खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं की निरोध फाटतो, कारण तेलाने रबर काही मिनिटांत कमजोर होतं. पाण्यात विरघळणारं जेलच वापरायचं. दोन निरोध एकावर एक घातले तर घासून फाटतात.

कोंदण
मालकाचा विषय टाळू नका, पोट राहण्याची भीती तिथेच जास्त. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत मिळतं, दर तीन महिन्यांनी. सुरुवातीला मधूनमधून रक्त दिसतं, धंद्याचे दिवस बुडतात, म्हणून बायका पुढचं इंजेक्शन चुकवतात. हे आधीच सांगून ठेवा. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. तांबीआधी तपासणी हवीच. गर्भाशयाच्या तोंडाशी संसर्ग असताना बसवली तर तो वर चढतो. यातल्या कशानेही रोग अडत नाही, निरोध सुटता कामा नये.

पाऊलवाट
आणि निरोध फाटला तर?

रानजाई
आत काही घालायचं नाही. लघवी करून बाहेरून धुवायचं. दुसरं साधन चालू नसेल तर ७२ तासांच्या आत गर्भनिरोधाची तातडीची गोळी, जितकी लवकर तितकी परिणामकारक. एचआयव्ही टाळणारी औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू करायची, २८ दिवस रोज. त्यासाठी थेट सरकारी रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रात न्या. पांढऱ्याला वास किंवा खाज असेल तर दुकानातून गोळी आणू नये, सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात) तपासून औषध मोफत देतात.