मदत हवी आहे: आयफोनवर फक्त 'नो कॉलर आयडी'चे कॉल कसे थांबवायचे?

आईच्या फोनवर रात्री-अपरात्री नंबर न दिसणारे कॉल येतात. उचलला की समोरून आवाज नाही. ती एकटी राहते, घाबरते. फोन आयफोन ८ आहे, आयओएस १६च्या पुढे जात नाही. सिम प्रीपेड.

'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करून पाहिलं, पण त्यात सेव्ह नसलेले जवळपास सगळेच नंबर गप्प होतात. गॅसवाला, लॅबवाला, दवाखाना, सगळ्यांचे कॉल चुकले, म्हणून बंद केलं. 'फोकस' या सेटिंगमध्ये फक्त कॉन्टॅक्ट्सना परवानगी दिली तरी तेच. रिसेंट्समध्ये अशा कॉलसमोर ब्लॉकचा पर्याय येत नाही. ट्रूकॉलरचाही उपयोग नाही, नंबरच नाही तर ओळखणार काय? १९०९वर डीएनडी आहेच, पण ते जाहिरातींच्या कॉलसाठी.

अँड्रॉइडवर फक्त लपवलेले नंबर अडवायची सोय असते, हे माहीत आहे. पण आईला याच फोनची सवय आहे, या वयात तो बदलायला लावायचा नाही. नंबर बँकेला जोडलेला, तोही बदलता येणार नाही.

प्रीपेड सिमवर कंपनीकडूनच असे कॉल अडवून कोणी घेतले आहेत का? त्यासाठी नेमकी काय मागणी करायची, आणि कॉल कुठून येतात हे शोधायला पोलिसांत लेखी तक्रार द्यावीच लागते का?