मदत हवी आहे: सीजीनॅटमागच्या विकीला पाहुण्यांचे खरे आयपी कसे दिसतील?

राजारामपुरीतल्या घरी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर (पुढे नुसतं 'पाय') डॉकरच्या कंटेनरमध्ये डोकुविकी हे विकी सॉफ्टवेअर आहे. राउटरच्या वॅनला (इंटरनेटकडच्या बाजूला) १००.७२ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, म्हणजे सीजीनॅट: अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक आयपी. पोर्ट फॉरवर्डिंग बाद. आयपीव्ही६ नाही. टेलस्केल (ॲपवर चालणारं खासगी नेटवर्क) झकास चालतं, पण घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर ॲप टाकणं जमणार नाही. क्लाउडफ्लेअर टनेल नको, कारण टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन, त्यांच्याकडे उलगडतं आणि विकीत घरची कागदपत्रं आहेत.

म्हणून छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन वायरगार्ड व्हीपीएन लावलं (व्हीपीएस १०.८.०.१, पाय १०.८.०.२) आणि पोर्ट ४४३ डीनॅटने (पॅकेटचा पोहोचण्याचा पत्ता बदलून) आत पाठवलं. मास्करेड (पाठवणाऱ्याच्या जागी व्हीपीएसचा पत्ता लावणं) ठेवलं तर पान उघडतं, पण लॉगमध्ये सगळेच १०.८.०.१, लॉग पाहून आयपी अडवणाऱ्या फेल२बॅनने एकाला अडवलं की घरदार बाहेर! मास्करेड काढलं की पान लटकतं. टीसीपीडम्पमध्ये (पॅकेट पाहायचं साधन) वायरगार्डवरून सिन, म्हणजे कनेक्शन सुरू करणारं पॅकेट, येताना दिसतो, उत्तर मात्र घरच्या राउटरवाटे निघतं.

पायवर अलाउड-आयपीज ०.०.०.०/०, टेबल ऑफ (वायरगार्डने स्वतः रूट लावू नयेत म्हणून) आणि आरपी-फिल्टर २ (उलट वाटेची तपासणी सैल) केलंय. '१०.८.०.२ कडून आलेलं वायरगार्डने पाठव' असा आयपी रूलही लावला, पण रूटिंगच्या वेळी उत्तरावर कंटेनरचा १७२.१८ चा पत्ता असतो, त्यामुळे नियम लागूच होत नाही.

व्हीपीएसला डेटाची मर्यादा आहे, त्यामुळे पायची सगळी वाहतूक तिकडून नको. आता कनेक्शनवर कॉनमार्क (कनेक्शनला चिकटलेली खूण) लावून प्रीराउटिंगमध्ये, म्हणजे रूटिंगच्या आधी, परत उचलायचा, की डीनॅट सोडून व्हीपीएसवर एचएप्रॉक्सी टीसीपी मोडमध्ये प्रॉक्सी प्रोटोकॉलसह (पाहुण्याचा खरा आयपी सोबत कळवणारा) बसवायचा? कॉनमार्क डॉकरसोबत कुणी चालवला असेल, तर नेमके नियम कोणते?