नुकऱ्याच्या डोळ्यातली गाठ
भाऊ, तुमच्या नुकऱ्याच्या, म्हणजे गुलाबी कातडीच्या पांढऱ्या घोड्याच्या, डोळ्याच्या कोपऱ्यात गुलाबी मांस वाढलंय आणि गावातले हळद-तूप लावा म्हणताहेत असं लिहिलंत, तर प्लीज ते लावू नका. घोड्याच्या डोळ्यात गाठी तशा कमीच होतात, पण होतात त्यात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा सगळ्यात जास्त, म्हणजे कॅन्सरच, आणि गुलाबी पापणीत रंगद्रव्य नसतं म्हणून अशा जनावरांना धोका जास्त, त्यात आपल्या खान्देशातलं ऊन. पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड गायींनाही हाच होतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात चाल बघतात, दात बघतात, पापणी कोणी उलटून बघत नाही, बघायलाच पाहिजे! माशांमुळे होणारी जंतांची जखमही अगदी अशीच दिसते, त्यामुळे गाठीचा तुकडा लॅबमध्ये तपासल्याशिवाय नक्की कळत नाही. गाठ लहान असतानाच तिसऱ्या पापणीसकट (घोड्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात असते ती) काढली तर डोळा वाचू शकतो, उद्याच व्हेटला दाखवा.