मदत हवी आहे: सोसायटीची वार्षिक सभा ३१ मार्चच्या आत घ्यायची कशी? (भुसावळ)

नमस्कार मंडळी,

भुसावळला आमची ६४ सभासदांची गृहनिर्माण संस्था आहे. निम्मे लोक रेल्वेतून निवृत्त झालेले, काही वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले, बाकीचे नोकरी-धंद्यावाले. मी सचिव. (दुसरं कोणी हो म्हणेना म्हणून झाले, ते असो.)

२०१९-२० ची वार्षिक सर्वसाधारण सभा एरवी ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते. कोरोनामुळे सरकारने ती मुदत आधी डिसेंबरपर्यंत वाढवली, मग ३१ मार्च २०२१ पर्यंत. जानेवारीत जरा निवळल्यासारखं झालं, तेव्हा गच्चीवर लांब लांब खुर्च्या टाकून सभा घेऊ असं ठरवलं होतं. तर फेब्रुवारीत आपल्या जळगाव जिल्ह्यात पुन्हा पेशंट वाढायला लागले आणि २१ तारखेला मुख्यमंत्र्यांनी गर्दीचे कार्यक्रम बंद म्हणून सांगितलं. गच्ची बारगळली.

राहिली ऑनलाइन सभा. सहकार खात्याने तिला वाट करून दिली आहे, पण आमच्याकडे तिच्यावरूनच वाद पेटलाय. अध्यक्ष काका म्हणतात, "मोबाइलमधली सभा आपल्याले पटत नाही. सही कुठं करायची मानसानं?" आणि खरं सांगायचं तर एरवी आमचा कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) भरतो तो सभेनंतरच्या वरण-बट्टीमुळे. मोबाइलवर बट्टी कोण वाढणार?

सभा पुढे ढकलताही येत नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे मुदतीत सभा न घेतल्यास पदाधिकारी पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतात. ठरले तर ठरले, मला तर सुटल्यासारखंच होईल! खरी घाई गच्चीची आहे. वरच्या मजल्यावर मागच्या पावसाळ्यात पाणी असं उतरलं की एका काकूंनी देवघराखाली परात ठेवली होती. वॉटरप्रूफिंगचा खर्च समितीच्या अधिकारात बसत नाही, सभेचीच मंजुरी लागते. ती एप्रिलपर्यंत मिळाली तर मे महिन्यात काम होईल. नंतर मिस्त्री मिळत नाहीत, आणि पावसात कोबा करता येत नाही.

अडचणी अशा:

कोरमला दोन तृतीयांश म्हणजे ४३ लोक लागतात असं सगळे म्हणतात. ऑनलाइन तेवढे जमणं अशक्य. बारा-पंधरा घरांत साधा बटणांचा फोन आहे. काही जण म्हणतात, "आम्ही सहीचं पत्र देतो, आमचं मत तुम्हीच टाका." पुण्यात राहणारी मुलं म्हणतात, "वडिलांऐवजी आम्ही जॉइन होतो." हे चालतं का? शिवाय या वर्षात दोन घरांतले सभासदच गेले. त्यांच्या घरी नोटीस कोणाच्या नावाने काढायची, हे मला विचारायलाही जड जातंय.

कोणी अशी सभा घेतली असेल तर सांगा.

तापीकाठ:
ताई, ४३ चा घोळ आधी मिटवा. आदर्श उपविधींत (म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमांत) दोन तृतीयांश किंवा २० यांपैकी जो आकडा कमी तो कोरम आहे. तुम्हाला २० पुरे. अर्ध्या तासात तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब करा. तहकूब सभेला कोरमची अट नाही, फक्त ती कधी घेणार हे पहिल्या नोटिशीतच लिहा. तुमच्या संस्थेचे नोंदलेले उपविधी मात्र एकदा काढून बघा, जुन्या संस्थांत फरक असतो.

सहीच्या पत्रावर मत अजिबात धरू नका. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत प्रॉक्सी (आपल्या जागी दुसऱ्याने मत देणं) चालत नाही, मुखत्यारपत्रही नाही. मुलगा सहयोगी सभासद म्हणून नोंदलेला असेल आणि वडील हजर नसतील, तर त्यांच्या लेखी संमतीने तो बसू शकतो. नसेल तर त्याने वडिलांना फोन लावून द्यावा आणि बाजूला बसावं.

धुळेकर:
आमनी बी तीच गत शे, ताई. आम्ही डिसेंबरात घेतली. झूम फुकटात चाळीस मिनिटांत तुटतं, आणि आमच्याकडे मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्यातच तेवढा वेळ जातो. म्हणून गूगल मीट घेतलं.

बटणांच्या फोनवाल्यांसाठी पार्किंगमध्ये एक लॅपटॉप आणि स्पीकर ठेवला. चार-पाच खुर्च्या, मास्क लावून, पाळीपाळीने. हात वर करून मोजायला जाऊ नका, स्क्रीनवर निम्म्यांच्या कपाळाशिवाय काही दिसत नाही. फ्लॅट नंबर पुकारायचा आणि 'मंजूर' की 'नामंजूर' ते वदवून घ्यायचं. हजेरीही तशीच. रेकॉर्डिंग ठेवा, ज्याला सहीची हौस त्याला तेच ऐकवा. माइक बंद ठेवायला एक पोरगं बसवा, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या इतिवृत्तात येतात.

निवृत्त_ऑडिटर:
गेलेल्या सभासदांच्या घरी आधी कोणीतरी मोठ्या माणसाने जाऊन या, नोटीस नंतर. नामनिर्देशन (नॉमिनी कोण ते) पाहा. सहकार कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत 'तात्पुरता सभासद' ही सोय आहे, वारसांचं ठरेपर्यंत नामनिर्देशिताची तशी नोंद होते. ते काम समितीच्या बैठकीत सभेआधी उरका, म्हणजे भर सभेत त्या घरावर चर्चा नको.

नोटीस पूर्ण चौदा दिवसांची. वॉट्सअॅपवर टाकाच, पण कागद घरोघरी देऊन पोच घ्या. आणि गच्चीचा विषय अजेंड्यावर स्वतंत्र घ्या, तीन ठेकेदारांची कोटेशन सोबत जोडून. 'आयत्या वेळचे विषय' यात तो घुसवलात तर उद्या कोणीही तक्रार करील.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. वीसच्या आकड्याने निम्मं ओझं उतरलं. उपविधींचं पुस्तक कपाटात मिळालं, त्यातही तेच आहे. काकांना दाखवलं तर म्हणाले, "मंग लावा लॅपटॉप, पन मी पार्किंगातच बसीन."

सभा २१ मार्च, रविवारी सकाळी ठेवतेय. उन्हं चढायच्या आत पार्किंगवाल्यांचं आटोपेल. नोटीस ५ तारखेला निघेल. कोटेशन दोन आली आहेत, तिसरा ठेकेदार गच्ची बघून गेला आणि आता फोन उचलत नाही. जळगाव-भुसावळकडचा कोणी भरवशाचा वॉटरप्रूफिंगवाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.